बारामुखी

देव घराबाहेर न्यायचा नाही, असं मनकर्णाबाईंनी निक्षून सांगितलं होतं. म्हणून तराजूच देवाकडे न्यावा लागला.

मी तेव्हा नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. पुण्याला शिकताना खनिजशास्त्र माझा जोडीचा विषय होता, त्यामुळे कॉलेजातल्या खनिजांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. आमच्या प्रयोगशाळेत काम करणारा कानिफनाथ एका सकाळी परीक्षानळ्या पुसता पुसता म्हणाला, "बाई, दगड बघून सांगता येतं का, हिरा हाय का न्हाई?"

"दगड हातात आला तर सांगता येईल."

"हातात न्हाई यायचा. बहिणीचा देव हाय त्यो."

मग त्याने सगळं सांगितलं. त्याची थोरली बहीण मनकर्णा शिंगणापुरात दिलेली. तिचा नवरा गोरक्ष वारला होता, पदरात दोन मुली. तिच्या सासऱ्यांनी, आसारामांनी, फार वर्षांपूर्वी कुठूनसा एक काळा दगड आणला होता. गावठी बोराएवढा, आणि त्याला बरोबर बारा बाजू. म्हणून त्याचं नाव बारामुखी. सासऱ्यांनी तो कोनाड्यात ठेवला, दर शनिवारी तेल घातलं, आणि तो घरचा देव झाला. पुढे दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. थोरल्या सहादेवने विहिरीचा तुकडा घेतला. गोरक्षच्या वाट्याला माळाचं रान, जुनं घर आणि घरातले देव आले. बारामुखीचं काय करायचं, असं तेव्हा कुणीतरी विचारलं, तर सहादेव म्हणाला होता, "ऱ्हाऊ द्या धाकट्याकडं. मला कुठं दर शनवारी तेलाची वाटी घेऊन बसायला सवड हाय!"

आणि आता गेल्या अमावास्येला नगरचा एक सराफ शनिदर्शनाला आला असताना ऊन लागलं म्हणून मनकर्णाच्या ओट्यावर टेकला. शिंगणापुरात घरांना दारं नसतात. चौकट असते, उंबरा असतो, पण कवाड नाही आणि कुलूप तर नाहीच. ओट्यावरून सरळ कोनाडा दिसतो. सराफ आत आला, देव उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "काळा हिरा दिसतोय हा. लाखाच्या घरात जाईल." एवढं बोलून तो आपल्या वाटेने निघून गेला. त्याचं बोलणं मात्र गावभर झालं.

दुसऱ्याच दिवशी सहादेव आला. देव थोरल्या घरात पाहिजे, ही रीत आहे, म्हणाला. धाकटीला नुकसान नको म्हणून बदल्यात विहिरीचा तुकडा द्यायची त्याची तयारी होती.

ते बहात्तर साल होतं. नेवासे तालुक्यात त्या सालात विहिरीचा तुकडा देतो म्हणणारा माणूस एक तर साधू असेल, नाही तर त्याला त्याहून मोठं काही दिसत असेल. सहादेव साधू नव्हता. दुसऱ्या कुठल्या गावात तो दगड एका रात्रीत कोनाड्यातून नाहीसा झाला असता आणि पुढची कुठलीच बोलाचाली झाली नसती. पण शनीच्या गावात चोरी करायला कुणी धजावत नाही. तिथे हवी ती वस्तू समोर बसून मागावी लागते.

"आक्का म्हणती, मला फसायचं बी न्हाई आन फसवायचं बी न्हाई," कानिफनाथ म्हणाला. "काय हाय ते आदी कळू दे, मग बोलते."

रविवारी आम्ही एस.टी.ने घोडेगावला उतरलो आणि तिथून चालत गेलो. तराजूची लाकडी पेटी कानिफनाथने डोक्यावर घेतली होती. वाटेत भेटणारे त्याला विचारत होते, "काय रं, पेटीत काय? बाजा?"

"व्हय, बाजा. वाजवून दावू?" तो म्हणायचा.

मनकर्णाबाई माझ्याच वयाच्या असतील. त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं. पितळेचा अर्धा तांब्या. मी दोन घोट घेऊन परत केला. उरलेलं त्यांनी पुन्हा हंड्यात ओतलं, आणि त्यात त्यांना किंवा मला काही वावगं वाटलं नाही.

कोनाड्यात तेलाच्या पुटांखाली एक काळा गोळा होता. कडा नावालाच कळत होत्या.

"धुवावा लागेल," मी म्हणाले. "चालेल ना?"

"देवाला न्हाऊ घालायला कुणाची ना हाय?"

"आणि मी हात लावला तर?"

"लावा की. तिकडं शनीच्या चौथऱ्यावर बायांनी चढायचं न्हाई. पन ह्यो घरचा हाय. ह्येला कोन अडवतंय?"

त्यांनी रिठ्याच्या पाण्यात तो बराच वेळ चोळला. पुटं निघत गेली. शेवटी पदराच्या कोरड्या टोकाने पुसून त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

खरं सांगायचं तर पुढच्या काही क्षणांत मी कुणाच्या घरी कशासाठी आले आहे हे विसरले होते. असा स्फटिक मी फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिला होता. बारा बाजू, प्रत्येक बाजू शंकरपाळ्याच्या आकाराची, सगळ्या सारख्या. कडा जणू कानशीने तासल्यासारख्या सरळ, पण मनुष्याने तासलेल्या नव्हेत. काळेपणा कोळशासारखा नव्हता. त्याला तकाकी होती, आणि तो डोळ्याजवळ धरून फिरवला की एकेक बाजू क्षणभर आरशासारखी चमकून पुन्हा काळी होत होती.

"हिरा हाय?" कानिफनाथने विचारलं.

"थांब."

एरवी दगड ओळखताना आम्ही त्याचा एखादा कपचा काढतो, आम्लात टाकतो, ज्योतीत वितळवतो. निदान पोलादी सुईने ओरखडा काढून पाहतो. इथे यातलं काहीच करता येणार नव्हतं. ओरखडा काढू का, असं विचारलं असतं तर मनकर्णाबाईंनी चहा देऊन मला परत पाठवलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. देवाला न दुखवता त्याला ओळखायचं होतं.

मी तो दोऱ्याने तराजूच्या काट्याला टांगला. आधी हवेत वजन केलं. मग खाली पाण्याचा पेला धरून, तो पाण्यात पूर्ण बुडलेला असताना पुन्हा केलं. वस्तू पाण्यात हलकी भरते. किती हलकी भरते त्यावरून ती पाण्याच्या किती पट जड आहे हे कळतं. प्रत्येक खनिजाचा हा आकडा ठरलेला असतो आणि तो खोटं बोलत नाही. काच अडीच पट. हिरा साडेतीन पट. हा पावणेचारच्या जरा पुढे भरला. मी दोरा बदलून पुन्हा केलं. तेवढाच.

मग मी देवाला ओरखडा काढण्याऐवजी देवाकडूनच ओरखडा काढून घेतला. पिशवीतली काचेची पट्टी मनकर्णाबाईंच्या हातात दिली आणि त्यांनाच बारामुखीची कड तिच्यावरून ओढायला सांगितली. करकर आवाज झाला, काचेवर पांढरी रेघ उठली. दोन्ही मुली हसल्या. नंतर कॉलेजच्या कपाटातून आणलेली गारगोटी दिली. तिच्यावर मात्र काही उमटलं नाही.

पेल्यातलं पाणी त्यांनी टाकलं नाही. तीर्थ म्हणून मुलींच्या हातावर थोडं थोडं दिलं, बाकीचं गाईला पाजलं.

"हा हिरा नाही," मी सांगितलं. "सराफ ज्याला तामडा म्हणतात, त्या जातीचा आहे हा. इंग्रजीत गार्नेट. तामडा बहुतेक लाल असतो. काळा फार क्वचित मिळतो, आणि एवढा मोठा, बाराही बाजू शाबूत असलेला तर मी कधीच पाहिला नाही."

"म्हंजे हिऱ्यापरीस भारी?"

"सराफाच्या दुकानात याला किंमत नाही. यातून उजेड जात नाही, अंगठीत बसवला तर काळ्या काचेसारखा दिसेल. दगडांचा अभ्यास करणारं कुणी असेल तर त्याला मात्र याची फार किंमत वाटेल."

"असं कोन असतंय?"

"मी."

त्या हसल्या. "मग तुमी काय द्याल?"

"विहीर नाही देऊ शकणार."

त्यांचं हसू ओसरलं. माझ्या लक्षात आलं की मी गमतीने बोलले तोच सगळा प्रश्न होता. बाहेर गाय रिकामं टोपलं शिंगाने ढकलत होती.

"म्हंजे मी फसत न्हाई," त्या म्हणाल्या. "आबा फसत्यात."

सहादेवला घरात सगळे आबा म्हणत.

"आक्का, तू कुठं काय म्हणली?" कानिफनाथ घाईघाईने बोलला. "मागायला त्येच आल्ते. तू गप ऱ्हा. बाई बी काय गावात दवंडी पिटायच्या न्हाईत. व्हय ना बाई?"

मी म्हणाले, "मला कुणी विचारलं तर मी आहे तेच सांगेन. न विचारता सांगायचं की नाही, ते तुझ्या बहिणीने ठरवावं. मला तिने बोलावलं आहे."

हे उत्तर मला स्वतःलाही पुरेसं वाटलं नाही. आकडा माझा होता, पण त्या आकड्यावर ज्यांची तहान अवलंबून होती ती दोन घरं माझी नव्हती. वजनाची चूक असती तर मी ती दुरुस्त करू शकले असते. इथे वजन बरोबर होतं.

मनकर्णाबाईंनी बोटांच्या चिंध्या नीट केल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भावाला सांगितलं, "आबांस्नी बोलीव. मच्छिंद्रनानाला बी संगं आन."

मच्छिंद्रनाना भावकीतले वडीलधारे. वाटण्याही त्यांच्याच समोर झाल्या होत्या. ते आले आणि तराजूपाशी उकिडवे बसले. सहादेव उंबऱ्याच्या आत येऊन उभाच राहिला. उंच, चाळिशीचा माणूस. त्याने आधी कोनाडा पाहिला. तो रिकामा दिसताच दचकला, मग माझ्यासमोर ताटात धुतलेला बारामुखी दिसला आणि तो बघतच राहिला. तेल निघाल्यावर तो खरोखरच मौल्यवान दिसत होता.

"मनकर्णा," तो म्हणाला, "भाऊ जिथं बाटल्या धुतो तिथली बाई आनलीस व्हय?"

"दुसरी कुठली आनू? माझ्या वळखीची येवढीच."

मी त्याला सांगितलं. हिरा नाही, का नाही, तराजू कसा लावला. तो ऐकत होता, पण माझ्याकडे न बघता नानांकडे बघत होता.

"बघा नाना. म्हणलंच हुतं मी."

"काय म्हणला हुतास?"

"की ह्ये न्हाईच म्हणत्याल."

नाना म्हणाले, "अरं येड्या, हिरा न्हाई म्हणल्या तर तुझाच फायदा हाय की. जमीन वाचती तुझी."

"त्योच तर डाव हाय! मी माघारी फिरलो की देव हिच्याच घरात. मग उद्या हिचा भाऊ गुमान पुन्याला न्हेऊन इकंल."

"मी?" कानिफनाथ ओरडला. "आबा, त्यो बाजाराला न्यायचा असता तर आज बाईंला चालवत आनलं असतं का हितवर?"

मी गारगोटी पुढे केली. "तुम्हीच ओढून बघा. हिरा जगातल्या कुठल्याही दगडाला कापतो. हा हिरा असेल तर या गारगोटीवर रेघ उठलीच पाहिजे."

सहादेवने देव कपाळाला लावला, मग कड टेकवून ओढली. पुन्हा ओढली, जोर लावून. गारगोटी तशीच राहिली. त्याने कानिफनाथकडून काचेची पट्टी घेतली, तिच्यावरची पांढरी रेघ अंगठ्याने चाचपली आणि क्षणभर विचार केला.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "काच मानसानं केली. गारगोटी देवानं. देव देवाच्या वस्तूला कशाला दुखवंल?"

मच्छिंद्रनाना खोकल्यासारखे हसले. सहादेव मूर्ख नव्हता. पुरावा त्याने नीट तपासला होता आणि मग त्याला हवा तसा बसवून घेतला होता. हे मी पुढे अनेक शिकलेल्या माणसांना, चांगल्या प्रयोगशाळांतही, करताना पाहिलं आहे.

"झालं तुमचं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. "नाना, आता मी सांगते ते ध्यान देऊन ऐका. बाई म्हणत्यात हिरा न्हाई. मला त्यांचं पटलंय. आबा, मी तुमच्या तोंडावर सांगते, हिरा न्हाई. बाजारात ह्येला कोन ईचारनार न्हाई. ऐकलं?"

"ऐकलं."

"नाना, तुमी ऐकलं?"

"ऐकलं बाई."

"आता आबा म्हणत्यात, देव थोरल्या घरात पायजे. बरोबर हाय, रीतच हाय ती. मग मी देव देते. पन देव म्हणून देते. दर शनवारी तेल घालायचं. दिवा लावायचा. इकायचा न्हाई, गहान टाकायचा न्हाई, कुना सराफाच्या हातात द्यायचा न्हाई. तुमच्या मागं तुमच्या पोरांनी करायचं. असं नानासमोर म्हणा, आन आत्ताच्या आत्ता घेऊन जावा. न्हाईतर हाय तिथं बरा हाय."

सहादेवच्या हातात बारामुखी होता आणि त्याचा अंगठा त्याच्या एका बाजूवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. तो हिरा म्हणून हवा असेल तर ही अट मान्य करून काहीच उपयोग नव्हता. अट नाकारायची तर देव कशाला मागत होता, हे सगळ्यांसमोर उघड होणार होतं. शनीच्या गावात, नानांच्या देखत. आणि तरीही त्याला सरळ उठून जाता येत होतं. मला वाटलं तो उठेल.

"शब्द दे न्हाईतर देव खाली ठेव," नाना म्हणाले. "गाईची वेळ झालीय माझ्या."

सहादेवने आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं. "इकणार न्हाई," तो म्हणाला. "तेल घालीन. ईरीचा तुकडा आजपासनं हिचा."

शब्द दिल्यावर त्याने देव टॉवेलात गुंडाळला आणि बाहेर पडला.

मनकर्णाबाईंनी मला भाकरी खायला लावली. त्या आनंदल्यासारख्या दिसत नव्हत्या. रिकाम्या कोनाड्याकडे त्यांची नजर सारखी जात होती. शेवटी त्यांनी उठून तिथे तेलाची रिकामी वाटी ठेवली, मग तीही काढून घेतली.

परत निघालो तेव्हा ऊन कललं होतं. गावाबाहेर बाभळीखाली सहादेव उभा होता. कानिफनाथ बिचकला, पण मी थांबले. टॉवेल अजून त्याच्या हातात होता. घरी गेला नव्हता तो.

"बाई, खरंच हिरा न्हाई?"

"नाही."

तो काही वेळ बाभळीची साल नखाने काढत राहिला.

"तुम्हाला अजून माघार घेता येईल," मी म्हणाले. "कागद झालेला नाही."

"कागद न्हाई झाला. पन नाना हुते की." मग त्याने टॉवेलाचं टोक उलगडलं. "मग हाय काय ह्ये?"

आल्यापासून हे त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. मी त्याला सांगितलं. लोखंड, चुना, वाळूत असतं ते द्रव्य आणि थोडं टायटॅनियम, हे एका ज्वालामुखीच्या पोटात वितळून सावकाश थंड होताना अशा बारा बाजू आपोआप धरतात, कुणी घडवत नाही. आपल्या इकडचा काळा दगडही लाव्हाचाच, पण त्यात हे सापडत नाही. म्हणून हा कुठून आला असेल, ते मला सांगता येत नव्हतं.

"इटलीतनं," तो म्हणाला. "तात्या, म्हंजे आमचे वडील, लढाईत हुते. रोम का काय, त्येच्या खालच्या अंगाला डोंगर हायत, तितं मोर्च्याचा खड्डा खनताना घावला. मी तवा ल्हान हुतो. ते आल्यावर मला म्हणले, मातीत काळं काळं चमकत हुतं, जोंधळ्याच्या दाण्यांवानी."

रोमच्या दक्षिणेचे डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी. तिथल्या मातीत काळे गार्नेट सुटे सापडतात, हे मी वाचलं होतं. मी तसं सांगितलं.

"म्हंजे तितं असले लई हायत?"

"बारीक पुष्कळ. एवढे मोठे फार थोडे. त्यातून एकही बाजू न मोडलेला असा मिळायला खूप शोधावं लागत असेल."

"गोळ्या चालल्या आसतील वरनं," तो म्हणाला, आणि दगडाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहत राहिला. मग तो पुन्हा गुंडाळून त्याने खिशात ठेवला.

"घरी न्या आता," कानिफनाथ हळूच म्हणाला. "वयनी वाट बघत आसतील."

"ती काय म्हणंल ते ठाव हाय मला." सहादेव विहिरीच्या दिशेने बघत होता. "ईरीवर माझा दोर हाय. काढून आनाया निगालो हुतो. पन पानी लई खाली गेलंय, मनकर्णाकडं एवढा लांब दोर नसंल." तो थांबला. "ऱ्हाऊ द्यावा म्हणतो तिथंच."

एवढं बोलून तो विहिरीकडे न जाता गावाकडे वळला.